गळ्याची शिलाई

फुटबॉलचा सदरा शिवायचा तर सगळ्यात आधी गळ्याचा विचार करावा लागतो. बाही, घेर, उंची हे सगळं नंतर. खेळणाऱ्याला मागून धरायचं झालं तर माणूस गळ्याशी नाहीतर खांद्याशी धरतो, आणि पंचाचं लक्ष नसलं तर चांगला दोन-चार पावलं ओढत नेतो. अशा वेळी काहीतरी सुटलंच पाहिजे. कापड फाटलं तर सदरा गेला. टाका सुटला तर सदरा वाचतो, अंगातलं पोरगंही वाचतं, आणि माझं काम दहा मिनिटांचं. म्हणून गळ्याला आणि खांद्याला मी एकेरी शिलाई घालायचे, तीही जरा लांब टाक्याची. बगलेला आणि बाजूंना मात्र दुहेरी. हे मला कोणी शिकवलं नाही. पहिल्या वर्षी फाटून आलेल्या सदऱ्यांनी शिकवलं.

दिवाळी अंकात डॉक्टर आपले अनुभव लिहितात, वकील लिहितात, रिटायर झालेले फौजदार लिहितात. नात अंक आणते आणि मी दुपारी चष्मा लावून वाचते. शिवणाऱ्या बाईनं लिहिलेलं अजून काही वाचण्यात आलं नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं. चारचौघांत बोलायला मला पहिल्यापासून जमत नाही. दुकानात गिऱ्हाईक आलं की मी पडद्याआड जायचे आणि तिथूनच मशीन चालवायचे. आता हाताची बोटं आखडली आहेत, मशीन बंद आहे. नातीच्या वहीची मागची पानं कोरी होती, म्हणून हे लिहिते आहे. छापायला द्यायचं नाही, पण एकदा सगळं सरळ लावून ठेवावं असं वाटतं.

लग्न होऊन वसमतला आले तेव्हा आमचं गाव परभणी जिल्ह्यात होतं. सासऱ्यांचं दुकान मोंढ्याच्या कोपऱ्यावर. मोंढा म्हणजे हळदीचा आणि कापसाचा बाजार. सासऱ्यांना मी मामा म्हणत असे. आमच्या घराण्यात त्यांच्या आधी कोणी सुईदोरा धरलेला नव्हता. तरुणपणी त्यांनी गावकीची कामं टाकून दिली, हैदराबादला जाऊन शिवण शिकले, आणि परत येताना एक मशीन आणि फुटबॉलचं वेड अशा दोन गोष्टी घेऊन आले. आमचे हे एसटीत कंडक्टर होते. आज नांदेडला मुक्काम, उद्या हिंगोलीला. त्यामुळं दुकानात मामा पुढं आणि मी पडद्यामागं, असं आमचं चालायचं.

धाकटा दीर दिगंबर. सगळे त्याला दिगू म्हणायचे. त्याला सुई धरायला दिली की ती हमखास हरवायची, पण पायात चेंडू दिला तर तो कोणाला सापडायचा नाही, असं मामा म्हणायचे. त्या घरात माझ्याशी मोकळं बोलणारा तोच एक.

मोंढ्यामागं मैदान होतं आणि मैदानाच्या कडेला जुन्या तळ्याचा बांध. रविवारी त्या बांधावर हमाल बसायचे, गाडीवान बसायचे, हट्टा गावाकडून माल घेऊन आलेले शेतकरी बैल सोडून मॅच बघत थांबायचे. टीमचं नाव मोंढा इलेव्हन. पहिल्यांदा मामांनी टीमचे सदरे शिवायला घेतले तेव्हा कापड होतं पांढरा मांजरपाट, आणि समोरची टीमही पांढऱ्याच कपड्यांत येणार होती. मामा म्हणाले, "आपला कोण अन् त्यांचा कोण, वळखावं कसं?"

तेव्हा हमालांचे मुकादम नागोराव काका दुकानाच्या पायरीवर बसले होते. ते म्हणाले, "काहून एवढा इचार करून राहिले? हळद हाय की. मोंढा हळदीचा, टीमबी हळदीची."

तेव्हापासून मोंढ्याची टीम पिवळी झाली. काका फुटकी हळकुंडं आणून द्यायचे, मी ती कुटून तुरटीबरोबर उकळायचे आणि त्यात सदरे बुडवायचे. दर शनिवारी रंगवायचं, रविवारी मॅच, सोमवारी धुणं. उन्हात हळद टिकत नाही, म्हणून पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. पहिल्या सोमवारी मी साबण लावला आणि बादलीतलं पाणी लालभडक झालं. मामा धावत आले. "पोरी, एवढं रगत? कुणाला लागलं?" साबणानं हळद लाल होते हे कोणत्याही बाईला ठाऊक असतं. पण तोंडानं ते सांगायला मला लाज वाटली. मी नुसतं पुढच्या पाण्यात सदरा खंगाळून दाखवला. तो पुन्हा पिवळा झाला. मामा बराच वेळ हसत होते.

त्या हळदीचा एक फायदा आधी कोणाच्या ध्यानात आला नव्हता. मोंढ्याच्या पोराला ज्यानं धरलं त्याचे हात पिवळे व्हायचे. पंचानं विचारायच्या आत बांधावरून हमाल ओरडायचे, "हात दाखव! आधी हात दाखव त्याचे!" एकदा म्हणे बाहेरगावच्या एका खेळाडूनं दोन्ही हात चड्डीला पुसले आणि मग त्याची चड्डीच साक्षीला उभी राहिली.

आणखी एक रीत होती. मैदानात उतरायच्या आधी नागोराव काका हळदीच्या पाण्यात उजवा हात बुडवून एकेका खेळाडूच्या पाठीवर थाप मारायचे. "जा लेकरा." त्यांच्या त्या हाताचं मधलं बोट हळद घासायच्या ढोलात गेलेलं होतं. त्यामुळं पाठीवर पंजा उमटायचा तो मधे फट असलेला. दर सोमवारी मी तो पंजा धुवायचे. तळहातावरच्या रेषा ओळखाव्यात तसा मी तो ओळखत होते.

मी मॅच कधीच बघितली नव्हती. बायका मैदानावर जात नसत आणि मी तर रस्त्यावरसुद्धा पदर सावरून भिंतीच्या कडेनं जाणारी. पण सोमवारी गाठोडं सोडलं की मला सगळी मॅच दिसायची. कोपराला माती असली तर हा पडला. पोटावर चेंडूचा गोल डाग असला तर ह्यानं अंगावर घेतला. ज्याच्या सदऱ्याला काहीच नाही तो दिवसभर उभा होता. दिगूचा सदरा उजव्या खांद्याशीच उसवून यायचा, नेहमी. असं का, हे मला कळत नव्हतं.

गोलकीपर गुलाब मास्तर, शाळेतले ड्रिलचे सर. चांगले भरलेले. त्यांचा हट्ट, सदऱ्याला खिसा पाहिजे. मामा म्हणाले, "मास्तर, गोलकीपरला खिसा कशाला?"

"तंबाखूची डबी कुठं ठेवू मग? चेंडू तिकडं असला म्हणजे माणसानं काय करावं?"

मी खिसा लावला. पुढं कधीतरी मास्तरांनी चेंडूसाठी झेप घेतली तेव्हा चेंडू एकीकडे आणि डबी एकीकडे गेली, आणि मास्तरांनी डबी धरली. दिगूनं हे मला सांगताना स्वयंपाकघरात लोळून दाखवलं. मामा बाहेरून ओरडले, "दिगू, घर हाय का मैदान?"

तो सगळं असंच सांगायचा. मी पोळ्या लाटायचे आणि तो पाटावर बसून चमचा आणि वाट्या मांडून दाखवायचा, कोण कुठून आलं, चेंडू कसा गेला. शेवटी एकच वाक्य. "वैनी, एकदा या ना बघायला. सांगून काही बराबर समजत न्हाई."

"तिथं बाया येतात का, भाऊजी?"

"तुमी आल्या म्हणजे येतील."

मी पोळी उलटायचे. मनातून मला जायचं होतं. किती जायचं होतं ते आज लिहिते आहे, तेव्हा मनातल्या मनातसुद्धा म्हणाले नसेन.

चार-पाच वर्षं अशी गेली. मग मोंढ्याशेजारची कापसाची जिनिंग गिरणी विकली गेली. बाहेरगावच्या एका कंपनीनं ती घेतली आणि पाठोपाठ टीमही घेतली. टीम विकत घेता येते हे आम्हाला माहीत नव्हतं. पण मॅनेजर साहेबांनी खेळाडूंना जिनिंगमध्ये कामाला लावलं, चामड्याचे बूट दिले, गावोगाव जायला गाडी दिली, आणि एक दिवस टीमचं नाव मोंढा राहिलं नाही, कंपनीचं झालं. मोंढ्याची तीन पोरं काढून बाहेरून तीन खेळाडू आणले. मैदानाला चहूबाजूंनी पत्रे लागले. दरवाजात तिकीट. बांध पत्र्यांच्या आत गेला आणि त्याच्यावर पाहुण्यांसाठी खुर्च्या आल्या. हळदीचा पंजा बंद झाला, कारण नवे सदरे पांढरे होते आणि साहेबांना डाग चालत नव्हता.

त्या दिवसांत नागोराव काका दुकानात आले ते पायरीवर बसले नाहीत, उभे राहिले. दिगू आतून आला.

"दिगू, तू बी?"

"काका, खेळायचं तर हाय ना? बूट देऊन राहिले, दवापाणी देऊन राहिले. इथून पुढं नांदेड, हैदराबाद कुठंबी जाता येईल."

"अन् टीम कुणाची?"

"टीम आपलीच हाय की."

"आपली टीम पत्र्याच्या आत अन् आपण भाईर? हे कसं रे लेकरा?"

काकांनी त्याच्या पाठीकडं हात नेला आणि तसाच मागं घेतला. पडद्याच्या फटीतून मला एवढंच दिसलं.

मग साहेब सदऱ्यांचं काम घेऊन आले. जाड, घट्ट विणीचं चांगलं कापड होतं. असं कापड मी आधी हातात धरलं नव्हतं. साहेबांनी नमुना म्हणून खुंटीवरचा एक जुना पिवळा सदरा घेतला, दोन हातांनी गळा धरला आणि ताणला. गळा टर्रकन सुटला. साहेब हसले.

"ये सिलाई है? ह्यापेक्षा सुतळीनं बांधा."

मामा म्हणाले, "साहेब, ते मुद्दाम तसं..." पण साहेबांचं ऐकण्याकडं लक्ष नव्हतं. "पक्का पाहिजे. कंपनीचं नाव असणार छातीवर. मैदानात फाटला तर कंपनीची इज्जत जाते."

पडद्यामागं माझे कान तापले होते. पाच वर्षांत माझ्या शिलाईला कोणी नाव ठेवलं नव्हतं. मी बोलू शकले असते. पडदा सारून एवढंच म्हणायचं होतं, साहेब, गळा सुटण्यासाठीच असतो. माझ्यानं झालं नाही. जे तोंडानं जमलं नाही ते मी मशीनवर केलं. गळ्याला आणि खांद्याला तीन-तीन शिलाया घातल्या, बारीक टाक्याच्या, आणि आतून कापडाची पट्टी लावली. छातीवर इंग्रजी अक्षरं होती. मला ती वाचता येत नव्हती. रांगोळी काढावी तशी कागदावरून निळ्या कापडात कापून घेतली आणि शिवली. इतकं चांगलं काम मी त्याआधी केलं नव्हतं, नंतरही नाही.

मामांनी एक सदरा हातात घेतला आणि गळ्यावरून अंगठा फिरवला. "पोरी, एवढं घट्ट काहून?"

"साहेबांना दिसू द्या," मी म्हणाले.

मामांना असं उत्तर मी त्या एकाच वेळी दिलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, सदरा घडी करून ठेवला. त्यांनी उसवायला सांगायला पाहिजे होतं असं मला पुढं कितीदा तरी वाटलं. पण ती दुसऱ्यावर ढकलायची गोष्ट नाही.

कंपनीनं आपल्या नावाचा कप ठेवला. शेवटच्या मॅचच्या आधी महिनाभर गाव पेटलेलं होतं. पत्र्यांवर रोज दगड पडायचे. कोळशानं काहीबाही लिहिलं जायचं. बाहेरून आणलेल्या खेळाडूंना हॉटेलात कोणी चहा देईना. मोंढ्यातून काढलेली तीन पोरं हमालांच्या पुढं चालायची, जसं काही घरातलं कोणी गेलंय आणि मडकं त्यांच्या हातात आहे. दिगूला रस्त्यात कोणी बोललं नाही तरी तो मान खाली घालून यायचा आणि जेवताना वाट्या मांडून दाखवायचा नाही.

मॅचच्या आदल्या दिवशी त्यानं विचारलं, "वैनी, उद्या तरी?" मी नेहमीसारखी हसले.

मैदानाच्या पलीकडं रझिया आपा राहायच्या. त्यांचे ब्लाऊज मी शिवत असे. त्या दिवशी मामा दुकान बंद करून मॅचला गेले, आणि आपा मागच्या दारानं आल्या. "चल गे. छत पे से सब दिखता. कौन देखता तेरेकू?"

मी नाही म्हणाले. "नक्को बोलती और चप्पल पैनती," आपा म्हणाल्या. खरंच, मी चप्पल घालून उभी होते.

गच्चीवर मिरच्या वाळत घातल्या होत्या. आम्ही दोघी कठड्याआड बसलो. पहिल्यांदा मला माणसं दिसलीच नाहीत, माझे सदरे दिसले. अकरा पांढरे सदरे हिरव्या-तपकिरी मैदानावर इकडून तिकडं पळताना. मग हळूहळू त्यांच्या आतली माणसं दिसायला लागली. गुलाब मास्तर कुठले ते लगेच कळलं. आणि दिगू. तो पळताना उजवा खांदा खाली टाकायचा, अगदी दारातून आत शिरल्यासारखा. समोरच्याला धरायला तोच खांदा सापडायचा. पाच वर्षं उसवून आलेला खांदा मला त्या एका क्षणात समजला. मी आपांचा हात धरून हसत होते आणि आपा विचारत होत्या, "क्या हुआ? क्या हुआ?"

मग त्यानं गोल केला. ते मी नीट लिहिते. चेंडू उंचावरून आला. त्यानं तो छातीवर घेतला, बरोबर निळ्या अक्षरांवर. दोघं अंगावर आले. त्यानं उजव्या पायानं मारतोय असं दाखवलं, दोघंही तिकडं वळले, आणि त्यानं डाव्या पायानं अगदी हळू, पोळी तव्यावर टाकावी तसा चेंडू कोपऱ्यात सरकवला. गोलकीपर हलला नाही.

पत्र्यांच्या बाहेर बैलगाड्यांवर उभे राहून हमाल मॅच बघत होते. कंपनीला शिव्या देत होते, पण गोल झाल्याबरोबर सगळे एका आवाजात ओरडले, "मोंढा! मोंढा!" त्या गाड्यांवर मला नागोराव काका दिसले. दोन्ही हात वर, आणि हात पिवळे. ते हळद लावूनच आले होते. आतमध्ये दिगूनं त्यांच्याकडं बघून हात वर केला.

त्याच वेळी लाउडस्पीकर वाजला. गोल कोणी केला ते सांगितलंच नाही. कंपनीचं नाव घेतलं, पुन्हा घेतलं, आणि तिसऱ्यांदा घेत असताना पहिला पत्रा खाली आला.

आत शिरलेल्या हमालांनी समोरच्या टीमला हात लावला नाही. खुर्च्या मोडल्या, साहेबांच्या गाडीची काच फोडली आणि मग ते खेळाडूंकडं वळले. "सदरा काढा! कंपनीचा सदरा काढा!" बाहेरून आलेल्या तिघांनी सदरे काढून फेकले आणि पळाले. दिगू पळाला नाही. ही आपलीच माणसं, असं त्याला वाटलं असणार. नागोराव काका सगळ्यांच्या पुढं होते. ते त्याला काहीतरी म्हणाले आणि मागून त्यांनी त्याच्या गळ्याला हात घातला.

मारायला नाही. काकांनी माझे सदरे पाच वर्षं पाहिले होते. गळा धरून ओढला की सदरा सुटतो आणि पोरगं मोकळं होतं, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. त्या भरवशावर त्यांनी ओढला. गच्चीवर मी गळा सुटण्याची वाट बघत होते. सुटला नाही. मागून लोकांचा लोट आला, काकांचा हात गळ्याच्या पट्टीत अडकला, आणि दिगू ओढला जाऊन पडलेल्या पत्र्यावर पडला. पाय खाली दुमडला होता. लोक त्याच्यावरून गेले.

नंतरचं थोडक्यात सांगते. नांदेडच्या दवाखान्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पाय वाचला, वाकेनासा झाला. दिगू बावीस वर्षांचा होता.

सदरा माझ्याकडंच आला. मॅचनंतर सदरे माझ्याकडं यायचे, म्हणून कोणीतरी सवयीनं तोही गाठोड्यात टाकला. सोमवारी मी तो बादलीत बुडवून साबण लावला. गळ्यामागं लाल पंजा उमटला. मधे फट असलेला. खंगाळला तर पिवळा झाला. हळदीचा डाग जायला एक दिवसाचं ऊन पुरे असतं. पण आमची दोरी रस्त्यासमोर होती आणि तो पंजा गावात कोणीही ओळखला असता.

दुसऱ्या दिवशी साहेब पोलिसांना घेऊन आले. कोणी ओढलं, कोणी पाडलं, ते विचारत फिरत होते. "त्याच्या अंगातला सदरा कुठंय?" मामा म्हणाले, माहीत नाही. पडद्यामागून मी म्हणाले, "चुलीत घातला." परक्या माणसाला मी दिलेलं ते पहिलं उत्तर. ते खोटं होतं. सदरा माझ्या ट्रंकेत तळाला होता.

नागोराव काका रोज सकाळी येऊन पायरीशी उभे राहायचे. "पोरगं कसं हाय?" मामा सांगायचे. काका बसायचे नाहीत, चहा घ्यायचे नाहीत. एक दिवस यायचे थांबले. लेकीकडं हट्ट्याला गेले असं कळलं आणि पुढं तिकडंच वारले. त्यांना कोणी काही विचारलं नाही. मला सांगता आलं असतं की काका, तुमचा हात नव्हता, माझी शिलाई होती. हट्टा काही लांब नाही.

दोनेक वर्षांत कंपनी गेली. पत्रे गेले. आता तिथं घरं झाली आहेत. पिवळी टीम पुन्हा उभी राहिली नाही. दिगूनं वारंगा फाट्यावर पंक्चरचं दुकान टाकलं. चेंडूच्या ब्लॅडरला ठिगळं लावायची सवय कामाला आली, असं तो म्हणतो. मी पुढं तीस वर्षं गणवेश शिवले, झबली शिवली, कबड्डीच्या पोरांचे सदरे शिवले. त्यांची तक्रार असायची, "आजी, गळा लगेच सुटून राहिला." मी म्हणायचे, सुटू दे.

अजूनही शनिवारी दुपारी मला बोटांना हळदीचा वास आल्यासारखा वाटतो. दोरीवर अकरा पिवळे सदरे वाऱ्यानं फुगून हलताना दिसतात.

मॅचला गेले होते हे मी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं तर काय काय दिसलं ते सांगावं लागलं असतं.

गेल्या महिन्यात दिगू आला होता. सत्तरी ओलांडली, पाय तसाच ताठ. माझे हे आणि मामा जाऊन बरीच वर्षं झाली, पण तो महिन्यातून एकदा येतोच. टीव्हीवर कुठल्यातरी परदेशाची मॅच चालू होती. एकानं दुसऱ्याचा सदरा मागून धरला.

"बघा वैनी, गळा धरला."

"त्यांचं कापड ताणतं," मी म्हणाले.

तो हसला. टीव्हीकडं बघतच म्हणाला, "गुलाब मास्तरबी गेले आता. माझा तो गोल बघणारं कोणी उरलं न्हाई. कधी कधी वाटते, झाला व्हता का मी मनानंच धरलं."

"मी बघितला," मी म्हणाले.

त्यानं मान वळवली. "काय?"

"रझिया आपाच्या गच्चीवरून."

त्यानं टीव्ही बंद केला. मग शाळेत मास्तर विचारतात तसं विचारलं, "कोणत्या पायानं मारला व्हता?"

"उजवा दाखवला. डाव्यानं मारला. हळूच."

दिगूनं दोन्ही हात तोंडावर धरले. हसत होता की रडत होता मला कळलं नाही, बहुतेक त्यालाही. "अन् पन्नास वर्षं बोलल्या न्हाईत? वैनी, पन्नास वर्षं?"

मी उठले आणि ट्रंकेतून सदरा काढून त्याच्या मांडीवर ठेवला. कापड पिवळट पडलं होतं, बाहीला कसर लागली होती. गळ्यामागं पंजा होता तसा होता. त्यानं त्या फटीवर आपलं मधलं बोट ठेवलं.

"ठाऊक व्हतं," तो म्हणाला. "हात मानेला लागला तवाच कळलं. काका म्हणले, काढ लेकरा. मी म्हणलं, काका, वैनीनं शिवलाय, मी न्हाई काढत."

हे मला माहीत नव्हतं. मी खाली बसले. मग जे सांगायचं होतं ते सांगितलं. तीन शिलाया, आतली पट्टी, साहेबांचं हसणं, मामांनी विचारलेलं आणि मी दिलेलं उत्तर. सांगताना मला पडदा लागला नाही.

त्यानं ऐकून घेतलं. शिलाईवरून अंगठा फिरवला, मामा फिरवायचे तसा. "लई पक्की घातली, वैनी," एवढंच म्हणाला. मग पाय सावरत उठला, दारापर्यंत गेला आणि तिथून म्हणाला, "उन्हात टाका तो. आता कोण वळखणार हाय?"

दुसऱ्या दिवशी मी सदरा दोरीवर टाकला, रस्त्यासमोर. संध्याकाळपर्यंत पंजा गेला. कापडाला हात लावला तर ते जागोजागी विरत होतं. गळा मात्र तसाच्या तसा होता. मी ब्लेड घेऊन उंबऱ्यात बसले आणि एकेक टाका उसवायला लागले. आखडलेल्या बोटांनी दोन दिवस लागले. शेवटचा टाका तोडून गळ्याला हात घातला आणि हलकेच ओढलं.

सुटला.